करौंदी तालावरची पाटी

तिघऱ्याला जाणारे सगळे उजवीकडे वळतात,
तिथे बोटी आहेत, भाजलेली कणसं, घोड्यावर बसून फोटो.
आम्ही डावीकडे वळलो,
कारण मागे बसलेल्या नानूमामांनी
माझ्या पाठीवर दोनदा टिचकी मारली.

डावीकडे रस्ता नव्हता, चाकोरी होती,
मधोमध गवत,
पुढे दगडाची बंद पडलेली खाण
आणि बकऱ्यांमागे एक म्हातारा. म्हणाला,
"रस्ता भूल गए का?"
"नहीं," मामा म्हणाले, "याद आ गया."
बासष्ट वर्षांनी, हे त्याला सांगितलं नाही.
तेव्हा सायकलवर कुणाबरोबर आले होते,
हे मलाही नाही.

टेकाड उतरता उतरता मी स्कूटर बंद केली.
पाणी इतकं उघडं होतं
की न विचारता कुणाच्या घरात शिरलो असं वाटून
मी चपला काढल्या.
हळदीकुंकू बदकांची एक रांग
आमच्याकडे न बघता पलीकडे गेली.
पानांवरून कमळपक्षी चालत होता,
लांब बोटं जपून टाकत,
नुकत्या सारवलेल्या अंगणातून चालावं तसा.
ट्रकच्या ट्यूबवर पोटावर पडून
हरबिलास केवट शिंगाडे तोडत होता.
त्याने ओंजळभर आणून दिले, हिरवे, जांभळे,
दातांनी सोलायचे.
मामांना दात नाहीत. मी सोलले.

इथे एकही पाटी नाही, असं मी म्हणणारच होते.

होती. घाटाच्या कडेला, कमरेएवढी,
शेंदूर थापलेली, बांगड्या वाहिलेली.
नव्या नवऱ्या आधी इथे आणतात,
धुणं धूत बसलेल्या बायका सांगत होत्या,
तालवाली मैया आहे.
हरबिलास मला म्हणाला,
"बाईजी, आप मराठी हो न?
जे तो आपई लोगन को लिखो है. बांच दो."

मी वाकले.
मोडी.
माझीच भाषा, पण धावत सुटलेली,
एका लांब रेघेला लोंबकळणारी,
डोक्यावरून पदर ओढून घेतलेली.
एक अक्षर ओळखीचं वाटलं,
तेही बहुधा शेंदराचा ओघळ असावा.
मी ताठ झाले. घरी तीन कपाटं पुस्तकं आहेत माझी.

मग मामा पुढे झाले.
मोतीमहालाच्या दफ्तरात चौतीस वर्षं
त्यांनी हेच वाचलं होतं,
सनदा, तक्रारी, घोड्यांच्या चाऱ्याचे हिशेब.
चष्मा धोतराला पुसला.
बोट दगडापासून सुतभर दूर धरून
ओळ ओळ सरकवलं.
ओठ हलत होते.
बायकांचे हात धुण्यावर थांबले.
एक पाणकावळा बुडाला, आणि बराच वेळ वर आलाच नाही.

"पानी की बात है," मामा शेवटी म्हणाले.
"लिखा है, पानी को संभालना."
बायकांनी माना डोलावल्या.
एक म्हणाली, "सो तो हमें मालूमई थी,"
आणि पुन्हा धुणं आपटू लागली.

स्कूटरपाशी आल्यावर मी विचारलं, खरं काय लिहिलंय?
मामा टोपी नीट करत म्हणाले,
"सरकारी हुकूम. या घाटावर म्हशी धुऊ नयेत.
धुतल्यास म्हशीमागे चार आणे दंड."

आम्ही दोघांनी वळून पाहिलं.
बायका उठून गेल्या होत्या. त्यांच्या जागी म्हशी,
हनुवटीपर्यंत पाण्यात, डोळे मिटून.
एक मात्र काठावर उभी,
हुकुमालाच मान घासत होती.
तिच्या कपाळावर शेंदूर.

मामा हसले ते खोकला लागेपर्यंत.
मग बोटांवर मोजत,
"अकरा म्हशी... चव्वेचाळीस आणे... पावणेतीन रुपये."
डोळे पुसले. "वसूल कोण करणार? तू?"

लष्करात शिरेपर्यंत अंधार पडला होता.
कुठे गेला होतात, दारातच मामींनी विचारलं.
तिघऱ्याला, मी म्हणाले,
आणि डिकीतले शिंगाडे उद्या काढू असं ठरवलं.

रात्री गजकच्या रिकाम्या खोक्यावर
मामांनी मला मोडीतला म काढून दाखवला,
मग पुढचं अक्षर, मग पुढचं,
'म्हशी' पूर्ण होईपर्यंत.
हात उचलायचा नाही, म्हणाले, एवढंच लक्षात ठेव.

मी दुसऱ्याच अक्षराला उचलला.